नागपूरच्या उन्हात बांधकाम कसं चालवायचं: उन्हाचा खर्च आधी इस्टिमेटमध्ये लिहा

घर बांधायला काढलेल्या मालकांसाठी आणि माझ्यासारख्या छोट्या ठेकेदारांसाठी हे लिहिते आहे. बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, वाठोडा या पट्ट्यात आमची कामं चालतात. एकमजली-दुमजली घरं, फार तर लहानशी अपार्टमेंट. बाबा मिस्त्री होते, त्यांच्याच माणसांत राहून मी काम शिकले. एप्रिलच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत साइट कशी चालवायची, ते सांगते.

पहिलं काम कागदावरचं. उन्हाळ्यात माणसं कमी तास काम करणार हे धरूनच इस्टिमेट बनवा आणि त्याची वेगळी ओळ लिहा. मी तिला ‘उन्हाळी तास’ म्हणते. हिशेब असा: दहा माणसं, चाळीस दिवस. काम सकाळी ६ ते ११.३० आणि संध्याकाळी ५ ते ६.३०, म्हणजे सात तास. सावलीत थांबण्याचे मिळून एक तास वजा. आठ तासांच्या रोजीत प्रत्यक्ष काम सहा तास. रोजचे बुडणारे दोन तास धरले तर दहा माणसांचे चाळीस दिवसांत ८०० तास होतात, म्हणजे शंभर रोजी. मिस्त्री, कुली, रेजा (बाई मजूर) मिळून सरासरी रोजी ७०० रुपये धरा. ७०,००० रुपये झाले. ३० लाखांच्या घरात हे अडीच टक्क्यांच्याही आत बसतं. टाइल्स बदलताना मालक याहून जास्त रक्कम वाढवतात.

ही ओळ लिहिली नाही तर खर्च टळत नाही. तो रेजाच्या पदरात पडतो. एक तर दुपारी काम बंद म्हणून तिची अर्धी रोजी कापली जाते, नाहीतर रोजी वाचवायला ती दोन वाजता डोक्यावर घमेलं घेऊन शिडी चढते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये अंदाज मांडला होता की उष्णतेमुळे २०३० साली भारतातले ५.८ टक्के कामाचे तास बुडतील, म्हणजे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ रोजगारांएवढं काम. जगात सगळ्यात जास्त फटका शेतीला आणि त्याखालोखाल बांधकामाला, असंही त्यात होतं. हे तास कुणाच्या खिशातून जाणार, ते प्रत्येक करारनाम्यात ठरतं.

शहर वाढावं असं मला मनापासून वाटतं. त्यावरच आमची चूल पेटते, आणि माझ्याकडच्या कितीतरी बायांच्या घरी कूलर आला तो याच कमाईतून. पण ‘आधी भरभराट होऊ द्या, मग उन्हाचं बघू’ हे मला पटत नाही. भरभराट फ्लॅटमध्ये येते, एसी लागतो, त्याचा गरम झोत बाहेर गल्लीत पडतो, त्याच्या विजेसाठी कोराडी-खापरखेड्याला कोळसा जळतो, आणि बाहेर उभी असते ती रेजा. वाढीतला वाटा तिच्या सावलीसाठी त्याच वर्षी, त्याच बिलात निघाला पाहिजे.

मालकाला पटवताना स्लॅबपासून सुरुवात करा. माणसाला जे ऊन सोसत नाही ते काँक्रीटलाही सोसत नाही, आणि घरमालक तड्यांना फार घाबरतो. ओतताना काँक्रीटचं तापमान ४० अंशांच्या वर नको, असं उष्ण हवेतल्या काँक्रीटचं भारतीय मानक सांगतं. भर दुपारी तापलेली गिट्टी, तापलेली सळाख आणि टाकीतलं कढत पाणी घेऊन ते कसं साधणार? वरचं पाणी झपाट्याने उडतं आणि स्लॅब घट्ट व्हायच्या आतच केसासारखे तडे पडतात. म्हणून स्लॅब पहाटे सहाला सुरू करून दहा-साडेदहापर्यंत संपवा, मोठा असेल तर जोड कुठे सोडायचा ते इंजिनिअरकडून आधीच ठरवून दोन सकाळी घ्या. गिट्टीवर आदल्या संध्याकाळी पाणी मारा, टाकी झाकून ठेवा. रात्री स्लॅब टाकायचा सल्ला बरेच जण देतात. वस्तीत ते चालत नाही: रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायला बंदी आहे, आणि शेजाऱ्यांनाही झोप हवी. तराई, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, तीसुद्धा करारात लिहा. कोरड्या, गरम हवेत साध्या सिमेंटला किमान १० दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला १४ दिवस. आपल्याकडे बहुतेक पीपीसीच येतं, तेव्हा १४ धरा. तराई करणारा माणूस सकाळ-संध्याकाळचा लावा, बाकी वेळ गोणपाट ओलं राहू द्या.

हा मुद्दा मालकाला कळला की माणसांच्या वेळेवर तो सहसा अडून बसत नाही.

आता आकडे. हवामान खात्याच्या हिशेबाने मैदानी भागात पारा ४५ ला गेला की उष्णतेची लाट, ४७ ला तीव्र लाट. नागपूरने २३ मे २०१३ ला ४७.९ पाहिलं आहे. मे २०२४ मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवलं, मोबाइलवर तो आकडा सगळीकडे फिरला, आणि सेन्सर बिघडल्याचं नंतर हवामान खात्याने सांगितलं. तेव्हा फिरत आलेल्या आकड्यावर विसंबू नका. रोज संध्याकाळी प्रादेशिक हवामान केंद्राचा इशारा बघा. ऑरेंज असेल तर दुसऱ्या दिवशी छतावरचं काम दहालाच बंद, आतलं प्लास्टर किंवा वायरिंग घ्या. रेड असेल तर सकाळचीच पाळी, रोजी पूर्ण. नवतप्यात, म्हणजे २५ मेपासूनच्या नऊ दिवसांत, मी स्लॅब ठरवतच नाही.

नवीन माणसावर सगळ्यात जास्त लक्ष हवं. बालाघाट, छिंदवाडा, छत्तीसगडहून टोळ्या येतात, ठिय्यावरून, म्हणजे मजुरांच्या नाक्यावरूनही माणसं मिळतात. गडी धडधाकट दिसतो, पण त्याच्या शरीराला भट्टीसारख्या जागी राबायची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. उन्हात काम करताना होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात पहिल्या काही दिवसांतले असतात. म्हणून पहिल्या दिवशी उन्हातलं काम नेहमीच्या पाचव्या हिश्श्याएवढं, मग रोज थोडं वाढवत न्यायचं. गावी लग्नाला जाऊन आठवड्याने परतलेल्या जुन्या माणसालाही एकदम पूर्ण काम देऊ नका.

पाण्यासाठी माठ प्रत्येक मजल्यावर ठेवा. खाली एकच ठेवला तर वरचा माणूस उतरत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, तहानेची वाट न बघता. घाम फार गेला की मिठाचं काहीतरी पोटात हवं: ताक, पन्हं, सातू, किंवा एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर नि अर्धा चमचा मीठ. बायांचं वेगळं सांगते, कारण पुरुष ठेकेदारांच्या हे ध्यानात येत नाही. साइटवर संडास नसेल तर त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग कितीही माठ भरून ठेवा, पाणी माठातच राहतं. दार नि कडी असलेला, पाण्याची बादली भरलेला संडास पाया खोदायच्या आधी उभा करा आणि त्याचा खर्च त्याच ओळीत घाला.

दुपारी साडेअकरा ते पाच माणसं कुठे पडणार? रोज घरी जाऊन परत यायला ऑटोचे पैसे लागतात. तळमजल्याची एक खोली मोकळी करा, मीटर घेतलेलं असतंच, एक कूलर लावा. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते, म्हणून तो खिडकीच्या बाहेरच्या अंगाला आणि समोरची बाजू उघडी. बंद खोलीत ठेवला तर नुसता दमटपणा वाढतो. हवा चाळिशीपार गेली की नुसता पंखा अंगावर गरमच वारा मारतो. त्यापेक्षा ओला दुपट्टा अंगावर घेऊन पंख्याखाली बसणं बरं.

कुणी असंबद्ध बोलायला लागला, अडखळला, उलटी झाली, बेशुद्ध पडला, तर उष्माघात समजा. घाम येत असला तरीही. आधी १०८ ला फोन, पण गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, बादल्यांनी पाणी ओता, मानेला, काखेत, जांघेत बर्फ ठेवा, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. मेडिकल जवळ की मेयो (दोन्ही नागपूरची सरकारी रुग्णालयं), हे मुकादमाला आधीच माहीत हवं.

रात्रीचा विचार फार कमी जण करतात. साइटवर राहणारी कुटुंबं टिनाच्या खोपटात झोपतात आणि ते टिन मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री उतार मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशीचा धोका आणखी वाढतो. टिनावर चुना टिकत नाही, धुऊन-झडून जातो. उन्हं परतवणारा पांढरा पेंट मारा, किंवा वर वीतभर जागा सोडून तट्ट्या नि हिरवी जाळी बांधा. ती मधली मोकळी जागा फार कामाची. पहिला स्लॅब झाला की माणसांना त्याखाली झोपायला आणा.

आणि जूनमध्ये ढग आले म्हणून वेळापत्रक मोडू नका. पारा ४५ वरून ३९ वर येतो, पण हवा दमट होते, घाम वाळत नाही आणि कूलर निकामी ठरतो. शरीराला गार ठेवणारी एकमेव सोय घाम वाळण्याची, तीच बंद पडते. मालक म्हणतात, ताई, आता तर ऊन उतरलं, पूर्ण पाळी लावा. मी ‘उन्हाळी तास’ची ओळ १५ जूनपर्यंत लिहून घेते, आणि पाऊस लांबला तर तो खरंच पडेपर्यंत.