एरियातलं मैदान नाहीतर टेकडी वाचवायचीय? नर्सरीत जायच्या आधी सिटी सर्व्हे ऑफिसात जा

मुंबईत मोकळी जागा दिसली की दोन प्रकारची माणसं जमतात, एक जो म्हणतो इथे टॉवर मस्त बसेल आणि दुसरा जो म्हणतो चला झाडं लावूया. पहिला माणूस तोंड उघडायच्या आधीच जागेचे सगळे पेपर बघून आलेला असतो आणि दुसरा थेट नर्सरीत जातो. घोळ इथेच होतो. म्हणून ज्यांना खरंच आपल्या एरियात काहीतरी करायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय, आणि कागदांवर जास्त लिहिणार आहे कारण रोपं लावायचे व्हिडिओ ढिगाने आहेत.

तर पहिलं, जागा कुणाची ते शोधा. "बीएमसीची आहे" हे शेजारच्या काकांचं उत्तर चालणार नाही. उपनगरात असाल तर प्लॉटचा सीटीएस नंबर काढा, शहरात असाल तर सीएस नंबर (दोन्ही म्हणजे सिटी सर्व्हेतला जागेचा नंबर), आणि त्यावरून प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे मालकाचं नाव असलेला सरकारी उतारा. मालक कलेक्टर असू शकतो, म्हाडा, रेल्वे, वनविभाग नाहीतर चक्क एखादा खाजगी ट्रस्ट. मालक कोण त्यावर पुढे कुठल्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवायच्या ते ठरतं.

मग त्याच नंबरवरून बीएमसीकडून डीपी रिमार्क, म्हणजे डेव्हलपमेंट प्लॅनमधली त्या प्लॉटची नोंद काढा, ऑनलाइन मिळतो. 2034 पर्यंतच्या डेव्हलपमेंट प्लॅनमध्ये त्या प्लॉटवर काय लिहिलंय ते त्यात कळतं. ईओएसने सुरू होणारा कोड असेल तर प्लॅनच्या हिशोबाने ती मोकळी जागा आधीपासून अस्तित्वात आहे, आरओएस असेल तर ती मोकळी ठेवायची म्हणून नुसतं आरक्षण आहे. हा फरक नीट समजून घ्या कारण आरक्षण म्हणजे जागा मिळाली असं अजिबात नाही. एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याचं कलम 127 म्हणतं की प्लॅन लागू होऊन 10 वर्षं झाली आणि जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत पालिकेने संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द समजायचं. हा प्लॅन 2018 ला लागू झालाय, म्हणजे 2028 बघता बघता येईल आणि मग कोपऱ्यावरच्या मैदानाचं काय झालं म्हणून व्हॉट्सअॅपवर रडून काही होणार नाही.

म्हणून एक आरटीआय टाकून ठेवाच. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, बस. पण महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर पाहिजे, त्यामुळे त्यात पालिकेच्या कारभारावर निबंध लिहू नका. तीन-चार गोष्टी मागा: या प्लॉटवर कलम 127 ची नोटीस आली आहे का, आली असेल तर तारीख आणि प्रत, जागेचा ताबा सध्या कुणाकडे आहे, आणि कुठल्या संस्थेला देखभालीसाठी दिली असेल तर त्या कराराची प्रत. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा, कंटाळू नका. आणि वॉर्ड ऑफिसात कुठलंही पत्र दिलं की आपल्या कॉपीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, साहेब कितीही गोड बोलले तरी.

पालिकेला आरक्षण बदलायचं असेल तर त्याच कायद्याच्या कलम 37 खाली जाहीर नोटीस काढून लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात, त्याला एक महिना मिळतो. ही नोटीस पेपरात अशा कोपऱ्यात येते की नजरेलाच पडत नाही, त्यामुळे ग्रुपमधल्या एका रिटायर्ड माणसाला हेच काम द्या, रोज पेपर बघायचा. आपल्याकडे अशी माणसं सोसायटीगणिक असतात आणि त्यांना हे काम मनापासून आवडतं. हरकती मात्र प्रत्येकाने स्वतःच्या शब्दात लिहा, एकच मजकूर शंभर जणांनी सही करून दिला तर त्याचं वजन एका पत्राएवढंच.

कागदाला एवढं महत्त्व का देतोय ते आरेवरून बघा. मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली झाडं तोडायची होती, त्याविरुद्धच्या याचिका 4 ऑक्टोबर 2019 ला हायकोर्टाने फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या, सुप्रीम कोर्टाने 7 तारखेला थांबवेपर्यंत दोन हजारांच्या वर झाडं पडली होती. एवढी माणसं रस्त्यावर होती तरी. सगळं भांडण शेवटी ती जागा कागदावर जंगल आहे की नाही यावर येऊन अडकलं होतं. पुढच्या वर्षी 800 एकरच्या आसपास जागा राखीव वन करायचं जाहीर झालं, पण ती झाडं गेली ती गेलीच.

खाडीकाठी राहत असाल तर तुमची बाजू जरा भक्कम आहे. हायकोर्टाच्या 2018 च्या निकालाने कांदळवन तोडायला आणि त्याच्याभोवती 50 मीटरपर्यंत भराव-बांधकाम करायला बंदी आहे, जमीन खाजगी असली तरी. रात्री डेब्रिजचे डंपर येताना दिसले तर तारीख, वेळ आणि लोकेशन दिसेल असे फोटो काढून वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे लेखी तक्रार करा. स्वतः डंपरसमोर जाऊन उभं राहायची हिरोगिरी नको. आणि चिखलात स्वतःच रोपं खोचायला पण जाऊ नका, तिथे भरतीचं पाणी नीट येत-जात राहिलं तर कांदळवन आपलं आपण वाढतं. कचरा काढायला जायचं असेल तर भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघून जा.

आता माणसं. जी जागा रोज वापरात असते ती ढापायला अवघड जाते, जिथे कुणी जात नाही तिथे आधी गाड्या पार्क होतात, मग एक शेड येतं, मग शेडला मीटर लागतो. त्यामुळे जागा वापरती ठेवा. सकाळी चालणाऱ्या बायका, संध्याकाळी टेनिस बॉलवाली पोरं, रविवारी पक्षी बघणारे, सगळ्यांना एका ग्रुपवर आणा आणि वेळा वाटून द्या. भांडणं होतील, क्रिकेटवाले आणि लहान मुलांच्या आया यांचं जमणं कठीण असतं, पण झोपडपट्टीतल्या पोरांना बाहेर ठेवून केलेलं "आमचं मैदान" मला तरी पटत नाही आणि ते टिकत पण नाही, कारण वेळ आली की सहीला फक्त दोन सोसायट्या उरतात.

झाडांचं थोडक्यात. जूनमध्ये दोन-चार चांगले पाऊस झाले की लावा, 5 जूनला पर्यावरण दिनाच्या फोटोसाठी नको. ताम्हण, बहावा, करंज, बकुळ, जांभूळ, उंबर, कांचन असली आपली झाडं घ्या, सुबाभूळ आणि गिरिपुष्प फुकट मिळालं तरी नको. मैदानावर झाडं कडेला, मध्ये नाही, नाहीतर खेळायचं कुठे. दिवाळीनंतर पुढच्या पावसापर्यंत पाणी कोण घालणार त्याची नावं आधी ठरवा आणि तेवढीच रोपं लावा. टेकडीवर खरा धोका आगीचा, त्यामुळे फेब्रुवारीच्या आधी वाळकं गवत कापून पट्टे मोकळे करून घ्या, जागा वनविभागाची असेल तर त्यांना विचारून. आणि मैदानावर लाल मातीचे ट्रक ओतायच्या आधी शिवाजी पार्कच्या आसपास राहणाऱ्या कुणालाही धुळीबद्दल विचारा.

पैसा शेवटी, मुद्दाम. साफसफाई, रोपं, पाण्याचा पाइप एवढं सोसायट्यांच्या वर्गणीत होतं. कुंपण, दिवे, टॉयलेट हे पालिकेकडून नाहीतर आमदार निधीतून मागा, तो आपल्याच टॅक्सचा पैसा आहे. कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी हवा असेल तर रजिस्टर्ड संस्था लागते, किमान सात जण, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, शिवाय तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं, त्यामुळे पहिल्या वर्षी त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. "आम्ही मैदान दत्तक घेतो" म्हणत कुणी आलं तर करार पूर्ण वाचल्याशिवाय हो म्हणू नका, गेट कुणासाठी किती वाजता उघडणार आणि भाड्याने द्यायचा हक्क कुणाला, ही दोन कलमं आधी बघा. गेटवर वॉचमन बसला, मेंबरशिप सुरू झाली की पब्लिक ग्राउंडचा क्लब होतो, मुंबईत हे आधी झालेलं आहे. पेव्हर ब्लॉक आणि ओपन जिमची ऑफर कुणी ना कुणी देईलच, जिम एका कोपऱ्यात ठीक आहे पण पेव्हरला सरळ नाही म्हणा, पाणी मुरत नाही आणि पोरं पडली की गुडघे फुटतात.

पालिकेचं बजेट फेब्रुवारीत येतं, म्हणजे तुमची मागणी, मोजमाप आणि फोटो जोडून, गार्डन खात्याकडे आणि वॉर्ड ऑफिसात दिवाळीच्या आसपासच पोचली पाहिजे, जानेवारीत दिलेलं पत्र थेट पुढच्या वर्षावर जातं.