ॲरिस्टॉटल वाचताना या चुका टाळा

ग्रीक तर्कशास्त्रावरच्या वह्या वाचताना तेच ते घोळ समोर येतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारा घोळ व्यावहारिक अनुमानाचा, म्हणजे काय करायचं ते ठरवणाऱ्या अनुमानाचा. सैद्धांतिक अनुमान, म्हणजे काय खरं ते सांगणारं, बहुतेकांना जमतं: दोन आधारविधानं, त्या दोन्हींत येऊन त्यांना जोडणारं मधलं पद, निष्कर्ष. मग व्यावहारिक अनुमान आलं की त्याच साच्याला शेवटी एक ‘पाहिजे’ चिकटवतात आणि झालं म्हणतात.

ॲरिस्टॉटलने प्राण्यांच्या हालचालीवर एक छोटा ग्रंथ लिहिलाय. त्याच्या सातव्या प्रकरणातलं उदाहरण असं: मला पांघरायला काहीतरी हवं; झगा ही पांघरायची वस्तू; म्हणजे मला झगा हवा. जे हवं ते बनवलं पाहिजे. म्हणून झगा बनवला पाहिजे. आमच्या वाचनगटात एका हुशार पोराने हे फळ्यावर मांडलं आणि म्हणाला, “शेवटी विधानच आलं ना सर? मग खरं-खोटं तपासू.” आणि चक्क सत्यतासारणी, म्हणजे विधान कधी खरं, कधी खोटं याचा तक्ता, मांडायला लागला. झग्याची सत्यतासारणी! मूळ प्रकरण वाचलंस का विचारलं, तर नाही. कुठलासा व्हिडिओ बघून आला होता. पुढच्या ओळी मोठ्याने वाचायला लावल्या. तिथे म्हटलंय की हा निष्कर्ष म्हणजे कृती. झगा हवा तर आधी अमुक लागेल, त्यासाठी तमुक, आणि ते तो माणूस लगेच करतो. मागून कोणीतरी विचारलं, “मग लोकर कुठाय?” तो प्रश्न अख्ख्या सारणीपेक्षा बरा होता.

निष्कर्ष शब्दांत लिहून वर त्यालाच कृती कसं म्हणायचं, यावर अभ्यासक अजून भांडतात. ते भांडण वाचून कुठलीही बाजू घ्या, माझी हरकत नाही. न वाचता घेऊ नका.

माझी सवय सांगतो. व्यावहारिक अनुमान उतरवताना शेवटची ओळ मी कोरी सोडतो आणि समासात लिहितो: कोण करतोय, आत्ता काय करतोय, कशाने अडू शकतो. शेवटचा मुद्दा ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथातला, ‘निकोमाखियन एथिक्स’च्या सातव्या भागातला. गोड ते सगळं चाखावं, हे गोड आहे. मग ज्याला शक्य आहे आणि ज्याला काही आडवं येत नाही, त्याने ते चाखलंच पाहिजे. ही मधली अट गाळली की कळूनही न वळणाऱ्या माणसाबद्दलची पुढची सगळी चर्चा हातातून निसटते. घाईवाले नेमकी तीच गाळतात.

दुसरी चूक, मोठी तत्त्वं गोळा करत बसायची. ‘एथिक्स’च्याच सहाव्या भागात ॲरिस्टॉटल म्हणतो, हलकं मांस पचायला सोपं एवढंच ठाऊक आहे, पण हलकं कुठलं ते माहीत नाही, असा माणूस कोणाला बरं करणार नाही. पक्ष्याचं मांस चांगलं एवढं जाणणारा करेल. त्याच भागात हेही आहे की तरुण मुलं भूमितीत तरबेज होतात, व्यवहारात शहाणी होत नाहीत, कारण अनुभव नसतो. हे वाचून दाखवलं की विशीतल्या मंडळींना राग येतो. येऊ दे.

बाकीच्या किरकोळीत:

‘सर्व माणसं मर्त्य, सॉक्रेटिस माणूस’ हे ॲरिस्टॉटलच्या नावावर खपवू नका. ‘प्रायर अनॅलिटिक्स’ या त्याच्या अनुमानावरच्या ग्रंथात ते नाही. बार्बारा, सेलारेंट ही अनुमानाच्या साच्यांची नावंही मध्ययुगातली.

‘दिवस असेल तर उजेड आहे’ हे स्टोइक या दुसऱ्या ग्रीक पंथाचं, म्हणजे त्यातल्या ख्रिसिप्पस या तत्त्वज्ञाच्या परंपरेतलं. तिथे अख्खी विधानं जोडली जातात, ॲरिस्टॉटलकडे ‘माणूस’, ‘मर्त्य’ अशी पदं. दोन्हींची खिचडी नको.

न्यायदर्शन या भारतीय तर्कपरंपरेत अनुमानाचे पाच अवयव, म्हणजे पायऱ्या असतात; ते ग्रीक साच्यात कोंबू नका. उदाहरण आणि उपनय (ते उदाहरण समोरच्या गोष्टीला लावणं) उरतात, मग लोक ते गुपचूप गाळतात.

वैद्य रोग्याला बरं करावं की नाही यावर खल करत नाही. कसं करावं यावर करतो. ‘एथिक्स’, तिसरा भाग. रोज एकजण तरी विसरतो.

आणि अनुमान वैध निघालं की कारण कळलं, असं समजू नका. ग्रह लुकलुकत नाहीत, जे लुकलुकत नाही ते जवळ असतं, म्हणून ग्रह जवळ आहेत: वैध आहे, पण यातून फक्त वस्तुस्थिती कळते. ग्रह जवळ आहेत म्हणून लुकलुकत नाहीत, यात कारण येतं. हे ॲरिस्टॉटलच्या शास्त्रीय ज्ञानावरच्या ग्रंथात आहे: ‘पोस्टीरियर अनॅलिटिक्स’, पहिला भाग, तेरावं प्रकरण. दोन्ही शेजारीशेजारी लिहा आणि मधल्या पदाखाली रेघ मारा. दुसऱ्यात ‘जवळ असणं’ मध्ये आलेलं दिसेल.