डाउनग्रेड ही सुटकेची वाट नव्हे

सर्व्हर सांभाळण्याच्या कामात नव्याने आलेल्यांना अपग्रेडची धास्ती वाटते आणि बिघडलेच तर डाउनग्रेड करू, म्हणजे पुन्हा जुनी आवृत्ती बसवू, असा भरवसा असतो. माझा अनुभव नेमका उलटा आहे. जुन्या आवृत्तीतील माहिती नव्या रचनेत नेणाऱ्या स्क्रिप्ट (आज्ञांच्या छोट्या फाइली) पॅकेजसोबतच, म्हणजे प्रोग्रॅमच्या तयार गठ्ठ्यासोबतच येतात आणि प्रकाशनापूर्वी तपासल्या जातात, पण परतीच्या प्रवासाची स्क्रिप्ट सहसा कोणी लिहीतच नाही. डेबियन या लिनक्स प्रणालीत तर डाउनग्रेडला अधिकृत पाठिंबाच नाही.

डेटाबेसच्या बाबतीत हे प्रकर्षाने जाणवते. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या १५ व्या आवृत्तीतील किरकोळ सुधारणा घेताना सहसा प्रोग्रॅम बदलून सर्व्हर पुन्हा सुरू केला की भागते. १५ वरून १६ वर जाताना मात्र साठवणुकीची अंतर्गत रचनाच बदलते, आणि पीजी_अपग्रेड हे त्याचे अपग्रेडचे साधन लिंक पद्धतीने (फाइलींची प्रत न काढता त्याच फाइली वापरून) चालवून नवा सर्व्हर एकदा सुरू केला, की जुन्या सर्व्हरला तो डेटा सुरक्षितपणे वापरता येत नाही. त्यानंतर उरतो फक्त बॅकअप, आणि तो दुसऱ्या यंत्रावर उतरवून पाहिलेला नसेल, तर मी त्याला बॅकअप म्हणत नाही.

लिनक्सवरील बहुतेक प्रोग्रॅम ज्यावर अवलंबून असतात त्या जीलिबसीसारख्या पायाभूत लायब्ररीला मागे नेण्याच्या फंदात पडूच नये. नव्या आवृत्तीवर बांधलेले प्रोग्रॅम अनेकदा जुन्या आवृत्तीवर सुरू होत नाहीत, आणि त्यांत दुरुस्तीसाठी लागणारी साधनेही असू शकतात.

कधीकधी मागे जाणे अटळच असते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत घुसवलेला बॅकडोअर (छुपा प्रवेशमार्ग) उघडकीस आला, तेव्हा डेबियनने जुना कोड '५.६.१+रिअली५.४.५' अशा, काहीशा विनोदी वाटणाऱ्या क्रमांकाने दिला. लहान क्रमांकाचे पॅकेज एपीटी, म्हणजे डेबियनचे पॅकेज बसवणारे साधन, आपणहून बसवत नाही. त्यामुळे माघारदेखील अपग्रेडच्या वेशात पाठवावी लागली.

एखादे पॅकेज होल्डवर ठेवून, म्हणजे त्याचे अपग्रेड थांबवून, आहे त्याच आवृत्तीवर रोखता येते, मात्र मग त्याच्या सुरक्षा दुरुस्त्याही अडतात. म्हणून होल्ड लावताना त्याचे कारण आणि तो कधी काढायचा याची तारीख मी तिथल्या तिथे नोंदवतो. ही नोंद नसेल, तर पुढे काम पाहणाऱ्याला ते पॅकेज जुने का राहिले हे कळत नाही आणि हात लावण्याचे धाडसही होत नाही.