रंगाआधी वायरिंग: झिरीपासून शेवटच्या हातापर्यंत

जुन्या फ्लॅटमध्ये अजून ॲल्युमिनियमच्या तारा किंवा अर्थिंग नसलेले दोन पिनांचे सॉकेट असतील, तर रंग द्यायचा ठरला की वायरिंगही उरकून घ्यावं. मात्र वायरमन आणि रंगारी एकाच आठवड्यात बोलावू नका. दोघांनाही एकापेक्षा जास्त वेळा यावं लागणार, हे दर ठरवतानाच सांगा. नंतर सांगितलं की वाद होतात.

आधी फर्निचर कुठे येणार ते ठरवून भिंतीवर खडूने पॉइंट आखा. बोर्ड जमिनीपासून साधारण 4 फुटांवर, स्प्लिट एसीचा पॉइंट 7 फुटांच्या आसपास. लाइट-पंख्याला 1.5, साध्या प्लगला 2.5, गीझर आणि एसीला 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. गीझर-एसीला वेगवेगळा एमसीबी (जादा प्रवाह झाला की वीज तोडणारा स्विच), आणि डीबीत, म्हणजे हे स्विच बसतात त्या मुख्य पेटीत, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). दोन आरसीसीबी बसवणार असाल तर त्यांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळू देऊ नका, नाहीतर बिघाड नसतानाही ते ट्रिप होत राहतात. लोड वाढणार असेल तर वीज कंपनीकडे अर्जही आताच करा.

झिरी म्हणजे वायरचा पाइप बसवायला भिंतीत कोरलेली खाच. ती मारताना ग्राइंडरने दोन समांतर काप घ्यायचे आणि मधला भाग छिन्नीने काढायचा. नुसते हातोड्याचे घाव घातले की आजूबाजूचं प्लास्टर पोकळ होतं. कॉलम, बीम आणि स्लॅबला हात लावायचा नाही. अर्ध्या विटेच्या, म्हणजे सुमारे 115 मिलिमीटरच्या भिंतीत उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको. 25 मिलिमीटरचा पाइप आणि त्यावर 12 मिलिमीटर मसाला त्यात जेमतेम बसतो. आडव्या झिरीला मर्यादा एक षष्ठांश, म्हणजे पाइप बसतच नाही. आडवी लाइन फॉल्स सीलिंगमधून किंवा केसिंग-पट्टीतून (भिंतीवर बसवायची वायरची पोकळ पट्टी) न्या. झिऱ्या बुजवण्याआधी मोजायची टेप भिंतीला लावून प्रत्येक भिंतीचा फोटो घ्या. पुढे पडद्याचा रॉड लावताना हाच फोटो कामी येतो.

स्विचबोर्डचा बॉक्स तयार प्लास्टरच्या पातळीत हवा. आत गेला तर स्क्रू पोचत नाहीत, बाहेर राहिला तर प्लेटमागे फट दिसते. त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वर मास्किंग टेप मारा, नाहीतर लांबी (रंगाआधी भिंतीला लावायची पुट्टी) स्क्रूच्या आट्यांत घट्ट बसते.

झिरी भिजवून 1:4 सिमेंट-वाळूच्या मसाल्याने दोन थरांत भरा आणि वर सहा इंच रुंद जाळी घ्या. पाइप धरायला ठोकलेले खिळे उपटून काढा. ते राहिले की रंगातून गंजाचे डाग फुटतात. घाईत पीओपीने झिरी बुजवून देणारे बरेच भेटतात. बाथरूमलगतच्या भिंतीला तरी ते अजिबात करू देऊ नका, पीओपी ओल पकडतं. सात दिवस पाणी मारा. तोवर पाइपात वायर ओढू नका.

मग सुकू द्या. उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे, पावसाळ्यात त्याहून जास्त. खात्री करायची तर फूटभर प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून चोवीस तास ठेवा. आतून दव धरलं तर भिंत ओलीच आहे. त्यावर लांबी लावली की पोपडे धरतात. दिवाळीला रंग हवा असेल तर झिऱ्या गणपतीआधीच मारून घ्याव्यात.

भिंत सुकली की वायर ओढा आणि लांबीआधी 500 व्होल्ट मेगरने (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) तपासून घ्या. रीडिंग एक मेगाओमच्या खाली आलं तर वायर कुठेतरी सोलली गेलीय किंवा पाइपात पाणी आहे. आता दोष काढणं सोपं. त्यानंतर लांबी, घासाई, प्रायमर आणि रंगाचा पहिला हात. मग वायरमनला बोलावून मॉड्युलर ग्रिड (स्विच बसवायची चौकट) आणि स्विच लावून घ्या, वरची प्लेट मात्र नको. गीझर, एसी, पंखे दोन दिवस चालवून पाहा. काही खोदावं लागलं तर आताच.

शेवटचा हात सगळ्यात शेवटी, मेन बंद करून आणि स्विचवर टेप लावून. रंग सुकला की प्लेट दाबून बसवा. नंतर कुठे खरवडलंच तर तेवढ्याच जागी रंग लावू नका. त्याच डब्यातला असला तरी ठिगळ दिसतं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती पूर्ण भिंत मारावी लागते, म्हणून प्रत्येक शेडचा लिटरभर रंग झाकण घट्ट लावून बाजूला ठेवा.