समोरच्या टीमचं स्काउटिंग कसं करायचं: हायस्कूल बेसबॉलवाल्या आईबाबांसाठी

मुलगा डॅलसच्या इकडच्या एका हायस्कूलच्या बेसबॉल टीममधे आला आणि दोन महिन्यात कोचने माझ्या हातात स्टॉपवॉच दिलं, का तर म्हणे तुम्ही क्रिकेटवाले लोक आकडे नीट लिहिता. ते कौतुक होतं की काम गळ्यात मारणं होतं ते अजून कळलेलं नाही, पण तेव्हापासून तीन सीझन मी समोरच्या टीमच्या मॅच बघून वह्या भरतोय. डॅलसजवळच्या फ्रिस्को-प्लेनोकडचे दोन-चार मराठी आईबाबा विचारत होते की नक्की बघायचं काय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी एक डोक्यात पक्कं करा, कोण भारी आहे ते लिहीत बसू नका, ते स्कोअरवरून कोणालाही कळतं. कोण कधी काय करतो ते लिहायचं. गल्लीत टेनिस बॉलने खेळताना आपण ओरडायचो ना, "याला पायात टाकू नको रे, पहिलाच उचलतो", बस तेवढंच, फक्त पेन्सिलीने.

पायरी १: कोणती मॅच बघायची ते ठरवा

टेक्ससमधे बऱ्याच डिस्ट्रिक्टमधे (म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या शाळांच्या गटात) मंगळवारी आणि शुक्रवारी मॅच असतात आणि आठवड्यातल्या दोन्ही त्याच टीमशी. म्हणजे मंगळवारची मॅच हेच शुक्रवारचं स्काउटिंग, बॅटर तेच असतात. पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, मात्र बदलतो, आणि इथे पिच काउंटचा नियम कामाला येतो (पिच म्हणजे त्याने टाकलेला एक बॉल, क्रिकेटची खेळपट्टी नाही). २०१७ पासून प्रत्येक राज्याला हायस्कूल पिचरसाठी पिचच्या संख्येवर मर्यादा ठेवावी लागते. टेक्ससमधे व्हर्सिटीला (शाळेच्या मुख्य टीमला) दिवसाला ११०, आणि ८६ किंवा जास्त टाकले तर मधे ४ दिवस विश्रांती, ६६ ते ८५ टाकले तर ३ दिवस. आता हिशोब करा, त्यांच्या मेन पिचरने शुक्रवारी ८५ टाकले तर मंगळवारी तो आपल्यासमोर उभा राहू शकतो, ८६ टाकले तर नाही. एका पिचचा फरक! म्हणून आधीच्या आठवड्यात कोणी किती टाकले ते आधी काढा. गेमचेंजर या स्कोअरच्या अ‍ॅपवर किंवा मॅक्सप्रेप्स या वेबसाइटवर बरंच सापडतं, टीमने टाकलं असेल तर. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथला तक्ता वेगळा, तो प्रिंट काढून वहीला चिकटवा.

कोच स्वतः जाऊ शकत नाहीत कारण त्याच संध्याकाळी आपली पण मॅच असते, म्हणून हे काम आईबाबांकडे किंवा ज्युनियर व्हर्सिटीच्या (दुसऱ्या टीमच्या) पोरांकडे येतं. डिस्ट्रिक्टमधे ७ टीम असतील तर दर वेळी कोणाला तरी सुट्टी मिळते, आपल्याला मिळेल तो दिवस यासाठी सोन्यासारखा.

पायरी २: अर्धा तास आधी जा

तिकीट काढा, होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागे जाळीजवळ बसा. मॅचच्या आधी ते फील्डिंगचा सराव करतात तेव्हा आउटफिल्डवाल्यांचे हात बघून घ्या, कारण मॅचमधे राइट फील्डरला लांबून थ्रो करायची वेळ कदाचित एकदाही येणार नाही. कोणाचा थ्रो टप्पे घेत येतो, कोणाचा सरळ कटऑफवाल्याच्या (थ्रो मधेच घ्यायला उभा असतो त्याच्या) छातीवर येतो, एवढं पुरे. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर) त्याच्या उजवीकडचा बॉल उचलून पहिल्या बेसपर्यंत नीट फेकतोय का तेही बघा. आणि तिसऱ्या बेसवाला बंटवर (बॅट न फिरवता बॉल हळूच खाली ठेवतात तो) पुढे धावत येताना कसा दिसतो, हे मला वाटतं सगळ्यात दुर्लक्षित आहे. २०१२ पासून हायस्कूलमधे बीबीकोर बॅट (बॉल कमी जोरात जाईल अशा बनवलेल्या) सक्तीच्या आहेत, बॉल पूर्वीसारखा उडत नाही, मॅच पण ७ इनिंगची, त्यामुळे एकेक रनसाठी बंट आणि स्टील (पिच पडत असताना पळून पुढचा बेस गाठणं) यावरच बरंच ठरतं.

पायरी ३: पिचर

निम्मा वेळ इथे घालवा. एका पानावर काउंटचे (आधी चुकीच्या जागी टाकलेले बॉल, मग स्ट्राइक, अशा गणतीचे) रकाने आखा, ०-०, पिचर मागे पडलेला (२-०, ३-१ असले), आणि दोन स्ट्राइक झालेले. प्रत्येक पिचला फास्टबॉल, कर्व्ह (वळणारा) की चेंजअप (फसवून हळू येणारा) एवढीच खूण करायची, स्पीडगन नसली तरी काही बिघडत नाही. तीन इनिंगनंतर पान स्वतःच बोलायला लागतं. या वयात बहुतेक पोरांकडे हमखास स्ट्राइक टाकता येईल असा एकच बॉल असतो, आणि मागे पडले की तोच येतो. तुमच्या पानावर २-० च्या रकान्यात सात पैकी सात फास्टबॉल असतील तर बॅटरला अजून काय सांगायचं राहिलं?

मग बेसवर रनर आला की स्ट्रेचमधून (रनर असताना घेतात त्या आखूड अ‍ॅक्शनमधून) काय होतं ते बघा, काहींचा कंट्रोल तिथेच जातो. रनरकडे किती वेळा बघतो? एकदाच बघून लगेच टाकतो का? बॉल धरून थांबतो तेव्हा मनात एक-दोन-तीन मोजा, दर वेळी तेवढंच थांबत असेल तर रनरला ते तबल्याच्या ठेक्यासारखं पकडता येतं. डावखुरा असेल तर त्याचा पुढचा पाय बघा, होमकडे टाकताना आणि पहिल्या बेसला टाकताना तो वेगळा कुठे पडतो. तिसऱ्या बेसला खोटं दाखवून पहिल्याला वळायची ट्रिक मेजर लीगमधे (अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगमधे) २०१३ पासून बंद आहे पण हायस्कूलमधे चालते, ती वापरतो का तेही लिहा. काही जण चेंजअपची पकड घेताना ग्लोव्हमधे बोटं चाळवतात, ग्लोव्ह थोडा उघडतो, असलं काही दिसलं तर मोठी खूण करा, पण निदान पाच-सहा वेळा दिसल्याशिवाय नाही.

पायरी ४: स्टॉपवॉच

दोन वेळा मोजायच्या. पहिली, पिचरने पाय उचलल्यापासून बॉल कॅचरच्या ग्लोव्हमधे पडेपर्यंत, १.३ सेकंद म्हणजे चपळ, १.५ म्हणजे संथ. दुसरी पॉप टाइम, कॅचरच्या ग्लोव्हमधे बॉल लागल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या फील्डरच्या ग्लोव्हमधे लागेपर्यंत, हायस्कूलला २.० चांगला, २.२ च्या पुढे गेला की संधी आहे. दोन्हींची बेरीज करा. १.५ आणि २.१ म्हणजे ३.६, आणि आपला पळणारा मुलगा पहिल्यावरून दुसऱ्यावर ३.४ मधे पोचत असेल तर जाऊ दे त्याला. बेरीज ३.३ असेल तर गप्प बस म्हणावं.

यात मी सपशेल आपटलोय. पहिल्या सीझनला इनिंगच्या मधे कॅचर सरावासाठी दुसऱ्या बेसला थ्रो करतो तो मोजला, २.५ आला, मी खूश होऊन लिहून दिलं की कॅचर ढिला आहे. तो आरामात हळू बॉल फेकत होता हो. खऱ्या मॅचमधे आपली दोन पोरं सहज आउट, आणि डगआउटमधून कोचने माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं. उलटंही होतं, काही कॅचर सरावात आधीच पुढे सरकून फेकतात आणि आकडा फसवा छान येतो. खऱ्या स्टीलवर मोजलेला आकडा तोच खरा, मिळाला नाही तर जागा कोरी सोडा.

पायरी ५: बॅटर

प्रत्येकाला एक ओळ. डावा की उजवा, प्लेटच्या जवळ उभा की लांब, पहिला बॉल मारतो की सोडतो, दोन स्ट्राइकनंतर काय होतं, बॉल कुठे गेला. मैदानाचं छोटं चित्र काढून त्यावर रेघा मारा. तीन वेळच्या बॅटिंगवरून कोणाबद्दल ठाम मत करू नका, दोन मॅच जुळल्या तरच त्या ओळीभोवती गोल काढा. नवव्या नंबरचा पोरगा आज तीनदा आउट झाला म्हणून आउटफिल्ड पुढे आणायचं आणि परवा तो डोक्यावरून मारणार, हे ठरलेलंच.

पिचर किंवा कॅचर बेसवर पोचला की त्याच्या जागी कर्टसी रनर म्हणून कोण येतो त्याचा जर्सी नंबर लिहा, तो बहुतेक वेळा बेंचवरचा सगळ्यात जोरात पळणारा असतो आणि तो आला की स्टील येतंय असं धरून चाला. त्यांचा कोच पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर रनर असताना काय खेळतो तेही बघा, बऱ्याच कोचची एकच आवडती चाल असते.

काय करायचं नाही

व्हिडिओ काढायचा असेल तर आधी आपल्या कोचला विचारा, नियम असतात. साइन (कॅचर पिचरला बोटांनी करतो त्या खुणा) चोरायला कॅमेरा-फोन वगैरेच्या नादी लागू नका, इथेच टेक्ससमधे ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज या मेजर लीग टीमचं २०१७ चं प्रकरण झालं, कॅमेऱ्यावर साइन बघून बॅटरला कळवायला कचऱ्याचा डबा बडवायचे, २०२० मधे ५० लाख डॉलर दंड आणि मॅनेजर, जनरल मॅनेजर दोघंही वर्षभर सस्पेंड. शिवाय ही पंधरा ते अठरा वर्षांची पोरं आहेत, त्यांच्याबद्दलची वही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची नाही. आणि जाळीमागून "कर्व्ह येतोय" असं मराठीत ओरडायचं तर मुळीच नाही, मी एका बाबांना बघितलंय, समोरचा पिचर पण मराठी निघाला.

शेवटची पायरी: एक पान

वही कितीही भरली तरी कोचला एकच पान द्या, तेही मॅचच्या आदल्या संध्याकाळी. वर पिचरबद्दल तीन ओळी, मधे बेरजेचा आकडा, खाली बॅटरच्या ओळी. मुलाला घरी परस्पर काही सांगू नका, कोचचं एक आणि बाबांचं एक असं झालं की पोरगं प्लेटवर उभं राहून विचारच करत बसतं. पहिल्या वर्षी मी चार पानं दिली होती, ती डगआउटमधे सूर्यफुलाच्या बियांच्या पाकिटाखाली सापडली.

आणि हो, आपली टीम खेळत असताना आजूबाजूला बघा, तुमच्यासारखाच कोणीतरी स्टॉपवॉच घेऊन बसलेला असतो. मागच्या सीझनला एक काका माझ्या शेजारीच बसले होते, आम्ही दोघं एकमेकांच्या वहीत न बघायचा आटोकाट प्रयत्न करत सात इनिंग सूर्यफुलाच्या बिया खाल्ल्या, आणि जाताना ते हळूच म्हणाले की तुमचा कॅचर २.०५ आहे. माझ्या वहीत २.१ होता.