महाविद्यालयात छळ होत असेल, तर काय करावे?

चेष्टा आणि छळ यांतील सीमा आधी ओळखावी. मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी छळाची तीन लक्षणे सांगितली आहेत: दुखावण्याचा हेतू, पुनरावृत्ती आणि बळातील असमानता. ज्या थट्टेला तितक्याच मोकळेपणाने उत्तर देता येत नाही, ती थट्टा उरलेली नसते.

त्यानंतर नोंद ठेवावी. घटनेची तारीख, वेळ, ठिकाण, उच्चारलेले नेमके शब्द आणि उपस्थितांची नावे त्याच दिवशी लिहावीत, कारण महिन्याभराने ‘मला त्रास देतात’ एवढेच आठवते आणि तेवढ्यावर चौकशी समितीला फारसे काही करता येत नाही. मोबाइलवरील संदेश संतापाच्या भरात पुसू नयेत. आधी स्क्रीनशॉट घ्यावेत, मग त्या व्यक्तीला ब्लॉक करावे. तक्रार लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी.

कणखरपणा म्हणजे मुकाट्याने सोसणे, हा समज मला घातक वाटतो. आपले एकटेपण छळ करणाऱ्याच्याच पथ्यावर पडते. म्हणून निदान एका विश्वासू मित्राला किंवा मैत्रिणीला सर्व सांगावे आणि झोप, भूक किंवा अभ्यास बिघडू लागला असेल, तर समुपदेशकाची भेट लांबवू नये.