संकरित कोंबड्या पाळताय? या चुका टाळा

"गावठीसारखीच दिसते की, सोडून दिली तर आपलं आपण खाईल." बहुतेकांचं गणित इथेच फसतं. संकरित कोंबडी हिंडते, किडे टिपते, पण जास्त अंडी द्यायची तर नुसता उकिरडा उकरून तिचं भागत नाही.

मग लोक मका टाकतात, नुसताच मका. त्यात प्रथिनं जेमतेम ८-९ टक्के. पिल्लांना पहिले सहा-आठ आठवडे २० टक्क्यांच्या आसपास लागतात. पंख झिपरे दिसू लागले, एकमेकींची पिसं टोचणं सुरू झालं की आधी खाद्याकडे बघा. सोयाबीन पेंड मिसळा किंवा सरळ पिल्लांचं तयार खाद्य आणा. बुरशीचा वास येणारा मका मात्र धुऊन-वाळवूनही देऊ नका, त्यातलं विष जात नाही.

उलटी चूकही होते: घरात लेयरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं आहे म्हणून तेच सगळ्यांना. त्यात कॅल्शियम ३.५ ते ४ टक्के असतं, पिल्लांना लागतं साधारण १ टक्का. जादाचं मूत्रपिंडावर येतं. लहान-मोठ्या एकत्र असतील तर सगळ्यांना ग्रोअर (वाढत्या वयाचं खाद्य) द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. अंड्यावर आलेल्या तलंगा तो बरोबर शोधतात.

ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना बल्बची ऊब देतो त्या जागेत, पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी, हे सगळे सांगतात. मी थर्मामीटरपेक्षा पिल्लांवर विश्वास ठेवतो. रात्री हळूच डोकवा. बल्बखाली एकमेकांवर चढलेली असतील तर थंडी वाजतेय. कडेला जाऊन चोची उघडून बसली असतील तर बल्ब वर घ्या. सगळी एकाच बाजूला असतील तर दुसरीकडून वारा येतोय.

लिटर, म्हणजे खाली अंथरलेला भुसा, मुठीत दाबून बघा. गोळा होऊन तसाच राहिला तर ते ओलं आहे. बहुधा पाण्याच्या भांड्याभोवतीच असतं. ओल्या लिटरवर कॉक्सिडिया हा आतड्यातला परजीवी वाढतो आणि तीन-चार आठवड्यांची पिल्लं रक्ताची विष्ठा टाकू लागतात. तेव्हा वाट बघू नका, पशुवैद्यकाला विचारून त्याच दिवशी औषध सुरू करा.

लस पाण्यातून देताना क्लोरीनचं पाणी नको, लशीतला जिवंत विषाणूच मरतो. लस दिल्यासारखी वाटते, पण दिलेली नसते.

आणि एक चूक माझी स्वतःची. चांगल्या अंडी देणाऱ्या संकरित कोंबड्यांचीच अंडी उबवायला बसवली. २१ दिवसांनी पिल्लं छान निघाली, वाढली मात्र एकेक तऱ्हेची: कुणी थोराड, कुणी खुरटं, अंडी कमी. संकराचा गुण पुढच्या पिढीत विखुरतो. आता एक दिवसाची पिल्लं विकत आणतो आणि खुडूक गावठीखाली सोडतो. रात्री, अंधारात. दिवसा सोडली तर ती टोचून हाकलते.